मुदत संपलेल्या जामीनदाराची सही : लेट्स एन्क्रिप्ट, नऊ वर्षं वापरल्यावर

साताऱ्यात घराच्या मागच्या खोलीत बसून मी सव्वीस संकेतस्थळं आणि चार सर्व्हर सांभाळते. गिऱ्हाईकं म्हणजे दोन पतसंस्था, एक दूध संघ, एक अभ्यासिका, तीन मंगल कार्यालयं आणि बाकी किरकोळ दुकानदार. यातल्या एकालाही टीएलएस सर्टिफिकेट (संकेतस्थळ खरंच त्या नावाचं आहे याची खात्री देणारा डिजिटल दाखला) म्हणजे काय ते ठाऊक नाही, आणि असायची गरजही नाही. त्यांना पत्त्याशेजारी कुलूप दिसलं पाहिजे आणि त्याचे पैसे पडता कामा नयेत. या दोन्ही गोष्टी मला २०१६ पासून लेट्स एन्क्रिप्ट या फुकट सर्टिफिकेट देणाऱ्या सेवेने दिल्या. त्याचं हे परीक्षण. नऊ वर्षांचा संसार आहे, जरा लांबेल.

आधी आमचं काय चालायचं ते सांगते. पतसंस्थेसाठी मी एका विक्रेत्याकडून वर्षाचं सर्टिफिकेट विकत आणायचे. पैसे भरले की मेलने झिप फाइल यायची. तिच्यात चार फाइली. कुठली आधी, कुठली नंतर जोडायची हे दरवर्षी नव्याने शोधायचं, कारण वर्षातून एकदा करायचं काम कोण लक्षात ठेवतं? एका वर्षी नूतनीकरणाची तारीख माझ्याच डोक्यातून गेली. सोमवारी सकाळी दहाला व्यवस्थापकांचा फोन. "मॅडम, आपली संस्था असुरक्षित आहे असं येतंय हो. ठेवीदार बघतायत." पतसंस्थेच्या बाबतीत 'असुरक्षित' हा शब्द किती जड पडतो, हे आपल्या भागात कुणाला समजावून सांगायला नको. दुपारपर्यंत मी नवं सर्टिफिकेट चढवलं, पण त्या दोन तासांत काउंटरवर चार जण ठेवी मोडायचा फॉर्म मागून गेले होते.

लेट्स एन्क्रिप्टने हा सगळा प्रकार बंद केला. सर्व्हरवर सर्टबॉट नावाचा छोटा प्रोग्रॅम बसवायचा. तो सांगतो की अमुक नावाचं संकेतस्थळ माझ्या ताब्यात आहे. समोरून उत्तर येतं, मग ही खुणेची फाइल तिथे ठेवून दाखव, किंवा डीएनएसमध्ये, म्हणजे संकेतस्थळांच्या नावांच्या नोंदवहीत, ही ओळ घालून दाखव. दाखवली की मिनिटाभरात सर्टिफिकेट हजर. मुदत ९० दिवस. साठ दिवस झाले की सर्टबॉट आपला आपण नवं आणतो. पैसे शून्य, फॉर्म शून्य, आणि विक्रेत्याचा 'मॅडम, यंदा तीन वर्षांची स्कीम आहे' हा फोनही शून्य. ९० दिवसांच्या मुदतीला पहिल्यांदा मी नाकं मुरडली होती. आता वाटतं, मुदत वर्षाची असती तर मी अजूनही हातानेच करत बसले असते आणि अजूनही विसरत असते.

एक गोष्ट मात्र गिऱ्हाइकाला दरवेळी सांगावी लागते. हे सर्टिफिकेट नाव तपासतं, माणूस तपासत नाही. कुलूप आहे म्हणजे आतला माणूस सज्जन आहे असं नव्हे. पतसंस्थेशी मिळतंजुळतं नाव घेऊन कुणी भामट्याने संकेतस्थळ काढलं तर त्यालाही हेच कुलूप फुकट मिळेल. हा लेट्स एन्क्रिप्टचा दोष मी मानत नाही. रजिस्ट्री कार्यालयात कागद नोंदवणारा कारकून घेणाऱ्याची नियत थोडीच बघतो?

आता खरा विषय. रूट बदलणं.

सर्टिफिकेट म्हणजे काय हे मी पतसंस्थेच्या संचालकांना त्यांच्याच भाषेत सांगते. कर्ज मागायला नवा माणूस आला तर तुम्ही काय करता? जामीनदार मागता. तो जामीनदार संस्थेच्या ओळखीचा असावा लागतो. प्रत्येक फोनमध्ये, प्रत्येक संगणकात अशा ओळखीच्या जामीनदारांची एक यादी घरूनच भरून येते. त्या यादीतलं नाव म्हणजे रूट. एकाला दुसऱ्याची सही, दुसऱ्याला तिसऱ्याची, अशी साखळी वर चढत चढत त्या यादीतल्या एखाद्या नावापाशी पोचली तर कुलूप दिसतं, नाही पोचली तर लाल पडदा.

२०१५ साली लेट्स एन्क्रिप्ट स्वतःच नवा माणूस होता. मागची संस्था अमेरिकेतली, कॅलिफोर्नियातली, ना नफा तत्त्वावरची, इंटरनेट सिक्युरिटी रिसर्च ग्रुप. तिने ४ जून २०१५ रोजी आपलं रूट बनवलं, आयएसआरजी रूट एक्स१, मुदत ४ जून २०३५ पर्यंत. पण ते कुणाच्याच यादीत नव्हतं. यादीत नाव लागायला वर्षं जातात, आणि लागल्यावरही ते फक्त नव्या किंवा अद्ययावत झालेल्या यंत्रांत पोचतं. म्हणून त्यांनी जामीनदार घेतला : आयडेनट्रस्ट या जुन्या कंपनीचं डीएसटी रूट सीए एक्स३. हे ३० सप्टेंबर २००० चं रूट, जगातल्या जवळपास प्रत्येक यंत्राच्या ओळखीचं. नवा माणूस, जुन्याची सही. १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिलं सर्टिफिकेट निघालं, ऑक्टोबरमध्ये ती सही लागली, आणि २७ फेब्रुवारी २०२० पर्यंत एक अब्ज निघाली.

पण जामीनदारालाही मुदत असते. डीएसटीची २१ वर्षांची मुदत ३० सप्टेंबर २०२१ ला संपणार, हे पहिल्या दिवसापासून कागदावर होतं.

तोवर एक्स१ मोठ्या याद्यांत शिरलं होतं. फायरफॉक्सने ५० व्या आवृत्तीपासून घेतलं, २०१८ च्या मध्यापर्यंत मायक्रोसॉफ्टसकट सगळ्या मोठ्यांनी घेतलं. घोडं अडलं अँड्रॉइडवर. अँड्रॉइडमध्ये जामीनदारांची यादी त्या काळी फोनच्या मूळ प्रणालीतच गोठवलेली असायची. फोन बनवणाऱ्याने अपडेट पाठवलं तर यादी बदलणार, आणि सात-आठ हजारांच्या फोनला दुसऱ्या वर्षी अपडेट कोण पाठवतो? (गुगलने ती यादी प्ले स्टोअरमार्गे बदलता येईल अशी सोय अँड्रॉइड १४ मध्ये केली, म्हणजे २०२३ ला. वरातीमागून घोडं.) एक्स१ ओळखणारी पहिली आवृत्ती ७.१.१. नोव्हेंबर २०२० मध्ये लेट्स एन्क्रिप्टने स्वतःच आकडा जाहीर केला : ३३.८ टक्के अँड्रॉइड फोन ७.१ च्या खालचे आहेत, ते आमची संकेतस्थळं उघडणार नाहीत, काय करायचं ते आत्तापासून ठरवा. फोनमालकांना त्यांचा सल्ला होता, फायरफॉक्स घाला, कारण ते आपली यादी स्वतः बाळगतं.

सल्ला बरोबर होता, पण आमच्या दूध संघाला निरुपयोगी. आमच्या केंद्रांवर ब्राउझर कुणी उघडतच नाही. तिथे ॲप आहे, आणि ॲप फोनची यादी बघतं.

केंद्र म्हणजे गावातली एक खोली. वजनकाटा, फॅट मशीन, आणि काट्याशेजारी दोरीने बांधलेला एक फोन. सकाळी आणि संध्याकाळी सभासद कॅन घेऊन येतो, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातला घन भाग) फोनमध्ये चढतं, तिथून माझ्या सर्व्हरवर येतं. अशी ३८ केंद्रं, कोरेगाव आणि पाटण तालुक्यांत विखुरलेली. फोन २०१५-१६ साली घाऊक घेतलेले. ॲप लिहून देणारा मुलगा नंतर परदेशी गेला, आणि जाताना मूळ कोड कुठल्या लॅपटॉपवर राहिला ते त्यालाही आठवेना.

डिसेंबर २०२० मध्ये लेट्स एन्क्रिप्टने जी युक्ती काढली ती वाचून मी खोलीत एकटीच मोठ्याने हसले होते. त्यांनी आयडेनट्रस्टकडून नव्याने सही घेतली. डीएसटीचं जुनं रूट आता एक्स१ ला जामीन राहील, आणि तो जामीन ३० सप्टेंबर २०२४ पर्यंत चालेल. म्हणजे जामीनदाराची स्वतःची मुदत २०२१ ला संपते, आणि त्याने दिलेला जामीन त्यापुढे तीन वर्षं. आमच्या संस्थेत असा कागद आला असता तर वसुली अधिकाऱ्याने डोक्याला हात लावला असता. पण अँड्रॉइड यादीतल्या रूटची मुदत तपासतच नाही. नाव यादीत आहे ना, किल्ली जुळते ना, झालं. योगायोग असा की ३० सप्टेंबर २०२१ ऐन पितृपक्षात आला. गेलेल्या रूटला रोज घास घालणारा अँड्रॉइड, यापेक्षा चपखल मुहूर्त कुठला?

परीक्षण म्हणून इथे माझं मत सांगते. ही युक्ती म्हणजे या सेवेची सगळ्यात मोठी जमेची बाजू. नियमावर बोट ठेवून 'जुने फोन टाकून द्या' म्हणणं सोपं होतं. त्यांनी तसं केलं नाही. रूट बदलायची तारीख त्याआधीही दोन-तीनदा पुढे ढकलली होती, त्यावरून त्यांना नावं ठेवणारे पुष्कळ भेटले. मला त्या ढकलण्यात आमच्या ३८ खोल्या दिसत होत्या.

पण प्रत्येक युक्तीची एक उलटी बाजू असते, आणि ती माझ्या गळ्यात पडली. चूक माझीच.

मे २०२१ पासून सर्व्हर ही एक्स१ च्याही वर डीएसटीपर्यंत जाणारी लांब साखळी द्यायला लागले. मी दोन जुन्या फोनवर ॲप चालवून बघितलं, चाललं, विषय मिटला. ३० सप्टेंबर, गुरुवार. डीएसटीची मुदत भारतीय वेळेनुसार संध्याकाळी ७ वाजून ३१ मिनिटांनी संपली. ऐन संध्याकाळच्या संकलनाची वेळ. मी घड्याळ लावून लॉग बघत बसले होते. ७.३२ ला पाटणकडच्या एका केंद्रातून ४.२ फॅटची नोंद आली, ७.३३ ला आणखी दोन. मी चहा टाकला.

दहा वाजता संघाच्या कार्यालयातून हिशेबनीस काकांचा फोन. दुधाचं बिल दर दहा दिवसांनी निघतं, २१ ते ३० चा हप्ता त्याच रात्री बंद व्हायचा. कार्यालयातल्या जुन्या सेंटओएस ७ (लिनक्सचा एक प्रकार) च्या यंत्रावरची पायथॉनची स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, दहाला माझ्या सर्व्हरवरून आकडे ओढते आणि बिलं बनवते. "ताई, एक्स्पायर्ड म्हणतंय." मी सर्टिफिकेट बघितलं, मुदत नोव्हेंबरपर्यंतची. काकांना म्हटलं, त्याच यंत्रावर फायरफॉक्स उघडा. "उघडलं की. कुलूप पण आहे." ब्राउझर म्हणतो उत्तम, स्क्रिप्ट म्हणते मुदत संपली, यंत्र एकच. त्या वेळी माझ्या पोटात जो गोळा आला तो सर्व्हर सांभाळणाऱ्यांनाच कळेल.

उलगडायला रात्रीचा एक वाजला. त्या यंत्रावर सर्टिफिकेट तपासायचं काम ओपनएसएसएल १.०.२ या सॉफ्टवेअरकडे होतं. ही आवृत्ती सर्व्हरने दिलेली साखळी आंधळेपणाने शेवटपर्यंत चढते. वाटेत एक्स१ लागतं, ते तिच्या स्वतःच्या यादीतही आहे, तिथेच थांबली असती तर काम झालं असतं. पण थांबत नाही. आणखी वर जाते, डीएसटीपाशी पोचते, त्याची मुदत बघते आणि दार आपटते. फायरफॉक्स शहाणा, तो एक्स१ वरच थांबतो. थोडक्यात, मेलेल्या जामीनदाराची जी सही जुन्या फोनला तारत होती, तीच जुन्या सर्व्हरला मारत होती.

अशा वेळी लेट्स एन्क्रिप्टने दोन पर्याय ठेवले होते. सर्टबॉटला 'प्रिफर्ड चेन' म्हणून आयएसआरजी रूट एक्स१ सांगितलं की एक्स१ वरच संपणारी आखूड साखळी मिळते. स्क्रिप्ट खूश, पण पहाटे साडेपाचला केंद्रावरचे फोन बंद. लांब साखळी ठेवली तर फोन खूश, बिलं बंद. एकाच सर्व्हरची दोन म्हातारी लेकरं, एकाला उष्ण पचत नाही, दुसऱ्याला थंड. मी लांब साखळी ठेवली आणि दुखणं कार्यालयाच्या यंत्रावरच काढलं. डीएसटीचं नाव त्या यंत्राच्या काळ्या यादीच्या फोल्डरात टाकलं, यादी नव्याने बांधली. वरची सही सापडेना म्हटल्यावर ओपनएसएसएल मुकाट खाली उतरलं आणि एक्स१ वर टेकलं. पावणेदोनला बिलं निघाली. यंत्र वेळच्या वेळी अपडेट केलेलं असतं तर यातलं काहीच घडलं नसतं, तो उपाय सप्टेंबरमध्येच आलेल्या अपडेटमध्ये होता. पण हिशेबाचं सॉफ्टवेअर विकणाऱ्याने 'यंत्राला हात लावू नका' अशी तंबी देऊन ठेवली होती, आणि मीही बरं म्हणून चार वर्षं हात लावला नव्हता.

या सेवेच्या कागदपत्रांबद्दल दोन शब्द. माहिती उत्तम, तारखा आधीपासून, काय तुटेल ते न लपवता. पण नावांचा घोळ भयंकर. स्वतःच्या सहीचं एक्स१ आणि डीएसटीच्या सहीचं एक्स१ अशी दोन वेगळी सर्टिफिकेटं, किल्ली एकच, नाव एकच. त्या रात्रीचा माझा अर्धा वेळ 'कुठलं एक्स१?' यातच गेला. घरात दोन सुरेश असले की आपण थोरला सुरेश, धाकटा सुरेश म्हणतो. इतकं तरी करायला हवं होतं. आणि मदतीला माणूस नाही. फोन नंबर नाही. मंचावर प्रश्न विचारायचा, इंग्रजीत. उत्तर देणारे जाणकार आणि सभ्य असतात, पण रात्री अकराला हिशेबनीस काका लाइनवर असताना इंग्रजीत व्यवस्थित प्रश्न मांडायला डोकं थंड लागतं.

पुढची पावणेदोन वर्षं निवांत गेली. मग २०२३ च्या जुलैत घोषणा झाली, आता उसनी सही बंद. ७.१ आणि वरच्या फोनांचं प्रमाण ९३.९ टक्क्यांवर गेलंय. ८ फेब्रुवारी २०२४ पासून आखूड साखळी हीच मुख्य, ६ जूनपासून लांब साखळी मागूनही मिळणार नाही, ३० सप्टेंबरला सहीच संपेल. या वेळी मी शहाणी झाले होते. आधी मोजलं. लॉगमध्ये प्रत्येक फोन आपली आवृत्ती सांगत येतो. ३८ पैकी २७ फोन मधल्या काळात बदलले गेले होते आणि ठीक होते. ९ फोन ७ च्या खालचे. आणि दोन बरोब्बर ७.०.

४ जून २०२४ ला मी सर्टिफिकेट मुद्दाम ताजं करून घेतलं, लांब साखळीसकट, म्हणजे ९० दिवस, २ सप्टेंबरपर्यंत सवड. सर्टबॉटचं आपोआप नूतनीकरण तेवढ्यापुरतं बंद केलं, नाहीतर त्याने ऑगस्टमध्ये गपचूप आखूड साखळी आणली असती. लोकसभेच्या निकालाचा दिवस होता, शेजारच्या खोलीत घरचे सगळे टीव्हीसमोर आरडाओरडा करत होते. एक्स१ चा वाढदिवसही तोच, हे नंतर लक्षात आलं.

संघाच्या अध्यक्षांना म्हटलं, दादा, अकरा फोन घ्या. ते म्हणाले, "ताई, फोन चालतोय ना? मग कशाला?" बैठकीत विषय पुढे ढकलला. म्हणून जुलैत, पावसात, मी आणि माझा भाचा स्कूटरवरून नऊ केंद्रं फिरलो, त्यातली सहा पाटण तालुक्यात. काम असं : एक्स१ ची फाइल फोनमध्ये हाताने घालायची. लेट्स एन्क्रिप्टच्या संकेतस्थळावर ती फुकट ठेवलेली आहे, पण ते संकेतस्थळही त्याच रूटवर चालणारं, म्हणजे जुन्या फोनसाठी किल्ली कुलपाच्या आत. मेमरी कार्डावरून नेली. मग सेटिंग, सुरक्षा, स्टोरेजमधून स्थापित करा. फाइलच्या नावाची शेपटी बरोबर नसेल तर फोनला ती दिसतही नाही, पहिल्या केंद्रावर यातच अर्धा तास गेला. ती घातली की अँड्रॉइड हट्ट धरतो की आधी फोनला पिन लावा. आणि सगळं झालं की वर सूचना झळकते : तुमच्या नेटवर्कवर कुणी अनोळखी त्रयस्थ नजर ठेवून असू शकतो, अशा अर्थाची. ती वाचून एका केंद्रावरच्या मावशींनी माझ्याकडे असं बघितलं की मीच तो त्रयस्थ. "फॅट कुणी बघतंय काय आमचं?" म्हणाल्या. मी म्हटलं, मावशी, फॅट तर संघच बघतो. "मग हा अनोळखी कोण?" याला माझ्याकडे छोटं उत्तर नव्हतं.

नऊ फोन चालू झाले. ७.० चे दोन मात्र मधल्या मध्ये अडकले. अँड्रॉइड ७ पासून, त्या किंवा पुढच्या आवृत्तीसाठी बांधलेली ॲप्स हाताने घातलेल्या रूटवर विश्वास ठेवत नाहीत, जोवर ॲपच्या कोडमध्ये तशी परवानगी नसेल. आणि एक्स१ घरून आलेलं ७.१.१ पासून. म्हणजे हे फोन हाताने शिकवण्याइतके जुने नाहीत आणि स्वतः जाणण्याइतके नवे नाहीत. ॲप बदलायला कोड नाही. या दोघांसाठी शेवटी अध्यक्षांनी खिशातून नवे फोन दिले, आणि जुने फोन नातवंडांना खेळायला घरी नेले.

आता कुणी विचारेल, आणि पतसंस्थेच्या बैठकीत विचारलंच गेलं, की हे अमेरिकेचं कशाला, आपलं सरकारी नाही का? व्यवस्थापकांनी ड्रॉवरमधून जीएसटी आणि टेंडरसाठी वापरायचा डिजिटल सहीचा यूएसबी टोकन काढून टेबलावर ठेवला. हे काय मग? ते खरंच आपलं आहे, २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याखालचं, कंट्रोलर ऑफ सर्टिफाइंग अथॉरिटीजच्या रूटखालचं, आणि सहीपुरतं ते उत्तम चालतं. पण ब्राउझरची यादी वेगळी. जुलै २०१४ मध्ये एनआयसी या सरकारी संगणक संस्थेच्या, भारतीय रूटखालच्या मधल्या प्राधिकरणाकडून गुगलच्याच नावांची अनधिकृत सर्टिफिकेटं निघाल्याचं उघड झालं. ती मधली सर्टिफिकेटं रद्द झाली, आणि क्रोमने भारतीय रूटचा अधिकार जीओव्ही डॉट इन, एनआयसी डॉट इन अशा मोजक्या नावांपुरता कापला. व्यवस्थापकांनी टोकन परत ड्रॉवरमध्ये ठेवला.

उणी बाजूही सांगायला हवी. मुदत संपत आल्याचे इशारे मेलने यायचे, ते ४ जून २०२५ पासून बंद केले. कारणं त्यांनी दिली, खर्च, लोकांचे पत्ते साठवायला नकोत, वगैरे. पटली, तरी मला ती मेल आवडायची. सर्टबॉट कुठे मुका झाला तर तेवढीच एक हाक होती. आता वेगळी पहारेकरी स्क्रिप्ट लावली आहे. शिवाय मुदती आखडत चालल्या आहेत. ब्राउझरवाल्यांनी आणि सर्टिफिकेट देणाऱ्या प्राधिकरणांनी मिळून मार्च २०२९ पासून सगळ्यांसाठीच ४७ दिवसांची कमाल मुदत ठरवली आहे, लेट्स एन्क्रिप्ट त्याआधीच ४५ वर येणार. जे अजून हाताने फाइली चढवतात त्यांनी हे वाचून घाबरावं. आणि रूटची पुढची पिढी येऊन उभी आहे, नावं वायई आणि वायआर. त्यांना जामीन कोण? एक्स१ आणि त्याचं धाकटं भावंड, लेट्स एन्क्रिप्टचंच दुसरं रूट एक्स२. २०१५ चा नवखा आता स्वतः जामीनदार झालाय.

तर, घ्यावं का? साधं संकेतस्थळ, अभ्यासिका, मंगल कार्यालय, दुकान, यांनी डोळे मिटून घ्यावं. पैसे देऊन साधं सर्टिफिकेट विकणारा दारात आला तर पाणी देऊन परत पाठवा. जिथे समोर फोन-संगणकाऐवजी यंत्रं आहेत, हजेरीचं मशीन, काटा, जुनं ॲप, तिथे घ्या, पण आधी यंत्रांची यादी करा : कुठली आवृत्ती, जामीनदारांची यादी बदलता येते का, बदलणारा माणूस कोण. आमच्या संघात ही यादी वहीत आहे आणि वही काकांकडे आहे. माझ्याकडून साडेचार तारे. अर्धा तारा त्या दोन एक्स१ पायी कापला.

नऊ फोनांपैकी तीन अजून चालतात. पिन लावायलाच लागल्यामुळे आम्ही सगळ्यांना एकच ठेवला होता, आणि तो कुणाला सांगायचा नाही असं बजावलं होतं. मागच्या महिन्यात मावशींच्या केंद्रावर गेले तर काट्याच्या वर भिंतीवर खडूने ठळक आकडे. दुधाच्या दराच्या खाली, पिन.